नाशिक जिल्हा कायम तरुण ठेवायचा असेल तर

जिल्ह्याचं वय कमी करायला औषधपाणी लागत नाही, चांगला तक्ता लागतो. २०११ ची जनगणना उघडा आणि तिला घट्ट धरून बसा. तिच्यात नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ आहे आणि त्यातलं कुणीही तेव्हापासून एका दिवसानं म्हातारं झालेलं नाही. तेव्हा ४८ चे असलेले काका तक्त्यात आजही ४८ चेच आहेत. २०२१ ची मोजणी २०२७ वर गेली, हे तुमच्या पथ्यावरच पडलंय. एखादा आगाऊ माणूस म्हणेल, ४५ ते ४९ चा गट उचला, मधल्या काळात गेलेले वजा करा, जिल्ह्यात आलेल्यांची नि बाहेर पडलेल्यांची वजाबाकी-बेरीज करा, की १५ वर्षांनंतरचा ६० ते ६४ चा गट हाती येतो. रीत अगदी बरोबर आहे, म्हणूनच तिच्या वाटेला जाऊ नका.

तरीही पिकलेले केस दिसायला लागले तर रेघ सरकवा. समजा, एका वस्तीत १०० माणसं आहेत: १५ च्या आतली २४, कमावत्या वयाची म्हणजे १५ ते ५९ ची ६२ आणि साठीपुढची १४. अवलंबित्वाचं गुणोत्तर काढायचं तर २४ आणि १४ मिळवा, ६२ ने भागा, १०० ने गुणा. येतात ६१. म्हणजे १०० कमावत्यांच्या डोक्यावर ६१ खाणारे. आता म्हातारपण ६० ऐवजी ६५ ला सुरू होतं असं ठरवा. त्या १४ पैकी ५ जण ६० ते ६४ चे असतील तर ते उडी मारून कमावत्यांत येतात आणि आकडा ४९ वर उतरतो. कुणाच्या गुडघ्याचं दुखणं कमी झालेलं नाही, पण वस्ती तरुण झाली. लबाडीही नाही: आपला २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा ६० धरतो, आंतरराष्ट्रीय तक्ते बहुधा ६५ धरतात. सोयीचं ते घ्या, फक्त तळटीप लिहू नका.

हे कमावते आणि खाणारे कोण, ते बघायला मात्र निफाडकडे जाऊ नका, पंचाईत होईल. तिथं द्राक्षाच्या मांडवाखाली ६८ वर्षांची आजी मान वर करून, हातात कात्री घेऊन घडातले मणी विरळते, दिवसभर, रोजानं. तक्त्यात ती अवलंबित. तिचा २७ वर्षांचा नातू गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत चौथ्यांदा पूर्वपरीक्षेची तयारी करतोय. खोलीचं भाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी आजीच्या हजेरीतून जाते. तक्त्यात तो आजीचा भार वाहतोय. सूत्राला वय कळतं, हजेरी कळत नाही. तुम्हीही कळवू नका.

पुढची युक्ती महिन्याची. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी झाली, आणि फेब्रुवारी म्हणजे द्राक्षाच्या काढणीची ऐन घाई. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरची धडधाकट माणसं तेव्हा दिंडोरी-निफाडच्या बागांवर मुक्कामाला असतात. नियम असा की मोजणीचा सगळा काळ जो बाहेर आहे, तो घरच्या यादीत धरायचा नाही. जिथं सापडेल तिथं मोजायचा. म्हणजे पाड्यावर उरतात आजी-आजोबा आणि बारकी पोरं, आणि बागेवरच्या झोपडीत सगळा जिल्हा पंचविशीतला. प्रगणक त्या झोपडीपर्यंत पोचलाच नाही, तर ही माणसं दोन्हीकडून गेली. पाड्याला दवाखाना हवा की शाळा, हे याच कागदावरून ठरवायचं असतं. शेवटी जिल्ह्याची सरासरी काढा: मालेगावची पोरं, कॉलेज रोडचे पेन्शनर आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांपायी आलेले एकटे तरुण एकत्र ढवळले की छान मध्यमवयीन नाशिक तयार होतं. तसं नाशिक कुठंच नाही, पण आराखडा त्याच्यासाठीच करा.

वयाचा मनोरा म्हणजे वयोगटांचे पट्टे खालून वर रचलेला आलेख, तळाला पोरं, शेंड्याला म्हातारे, एका बाजूला पुरुष नि दुसऱ्या बाजूला बायका. त्याचा तळ दाखवताना मात्र हात आखडता घ्या. राज्याचा जननदर, म्हणजे एका बाईमागं सरासरी किती मुलं, तो २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ आला आणि पिढीला पिढी पुरायला २.१ लागतो. म्हणजे तळ आत सरकतोय. पोरं घटली की गुणोत्तर आधी उतरतं, कारण तोवर म्हातारे तेवढे वाढलेले नसतात. या मधल्या काळाला लोकसांख्यिकीय लाभांश म्हणतात. भाषणात जेवढा खपवता येईल तेवढा खपवा, त्याला मुदत असते. तळाची डावी-उजवी बाजूही सारखी नाही. २०११ ला जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलांमागे ८९० मुली होत्या, २००१ ला ९२०. ती मुलं २०२७ मध्ये १६ ते २२ ची होतील. मुली कुठून आणायच्या, हे तेव्हाच्या वधू-वर मेळाव्याच्या आयोजकांवर सोडा.

राहता राहिली खरी वयं. इथं तुम्हाला काही करावंच लागत नाही. प्रगणक विचारतो, "आजी, वय किती?" आजी म्हणते, "असंल साठ." त्यामुळे ५०, ५५, ६०, ६५ चे रकाने ताडमाड वाढतात आणि ५९ नि ६१ खुरटतात. तपासायची चाचणी सोपी आहे: २३ ते ६२ वयाच्या माणसांत ज्यांच्या वयाचा शेवटचा आकडा ० किंवा ५ आहे ती मोजा, पाचानं गुणा, एकूण संख्येनं भागा, शंभरानं गुणा. १०० आले तर वयं खरी, ५०० आले तर सगळीच गोल. दाखले मागू नका. जुन्या पिढीत निम्मा गाव १ जूनला जन्मलाय, कारण गुरुजींना शाळेत नाव घालताना तीच तारीख सोयीची होती.

त्यातून आता योजना आल्यात. लाडक्या बहिणीला ६५ च्या आत राहायचंय, श्रावणबाळाला ६५ पार करायचेत, एसटीत पुरुषाला अर्ध्या तिकिटाला ६५ लागतात आणि फुकट जायला ७५ पूर्ण. घरोघर दोन वयं तयार असतात. जनगणनेला सांगितलेलं वय १९४८ च्या कायद्यानं गोपनीय असतं, ते कुठल्याही योजनेच्या कचेरीत जात नाही. पण हे दारात सांगत बसलात तर लोक खरं वय सांगतील, आणि तुमचा तक्ता बिघडेल.