अंदाज चुकणाऱ्या माणसाची मुलगी

बाबांच्या वर्षश्राद्धाला चुलतभावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा हवाई दलाच्या गणवेशातला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "काकांचे पावसाचे अंदाज चुकले असतील, संसाराचा अंदाज कधी चुकला नाही." कुणी हात जोडले, कुणी हसरे चेहरे टाकले. त्याच आठवड्यात त्याने कुठून तरी आलेला एक मजकूर पुढे पाठवला होता: स्टॅग नावाच्या एका इंग्रज हवामानतज्ज्ञाने एकट्याने अचूक अंदाज देऊन नॉर्मंडीची लढाई जिंकून दिली, आणि आपलं भारतीय हवामान खातं पाऊस सांगतं तेव्हा छत्री घरी ठेवावी.

दोन्ही वाक्यांनी माझं डोकं फिरलं, आणि ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

स्टॅग इंग्रज नव्हता. जेम्स मार्टिन स्टॅग १९०० साली स्कॉटलंडमध्ये, एडिंबराजवळच्या डाल्कीथला जन्मला. मी इथेच राहते; रोज एस्कबँकला गाडी धरते, तिथून डाल्कीथ पायी जाण्याच्या अंतरावर आहे. एडिंबरात शिकला, शाळेत विज्ञान शिकवलं, १९२४ मध्ये ब्रिटिश हवामान खात्यात लागला. १९३२-३३ मध्ये उत्तर कॅनडात गेलेल्या ब्रिटिश ध्रुवीय मोहिमेचा तो प्रमुख होता. बायको, दोन मुलगे. त्यातला पीटर पुढे स्कॉटलंडकडून रग्बी खेळला. त्याला इंग्रज म्हटलेलं आमच्या इथे कुणी ऐकून घेणार नाही.

आणि एकट्याने तर मुळीच नाही. १९४४ च्या जूनमध्ये, दुसऱ्या महायुद्धात, दोस्तांचं सैन्य समुद्रातून फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरवायचं होतं. त्यासाठी हवामानाचा अंदाज करणारे गट तीन होते: अमेरिकन हवाई दलाचा, डन्स्टेबलचा ब्रिटिश हवामान खात्याचा आणि नौदलाचा. ते टेलिफोनवर तासन्‌तास भांडत. जुने नकाशे आताच्या नकाशांशी ताडून पाहणारे अमेरिकन म्हणत होते, ५ जून चालेल. डन्स्टेबलला नॉर्वेचा पेटरसन आणि ब्रिटिश डग्लस म्हणत होते, चालणार नाही. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला ब्लॅकसॉडच्या टपाल कार्यालयात एकवीस वर्षांची मॉरीन फ्लॅविन वायुदाबमापक वाचत होती. दाब झपाट्याने उतरत होता. तिची नोंद इतकी महत्त्वाची ठरली की पुन्हा तपासून सांगा, असे फोन आले. या सगळ्या गोंधळातून एक मत काढायचं आणि साउथविक हाउसमध्ये दोस्तांचा सरसेनापती आयझेनहॉवरसमोर ते मांडायचं, हे स्टॅगचं काम. ४ जूनच्या पहाटे मोहीम एक दिवस पुढे ढकलली गेली. त्याच रात्री स्टॅगने सांगितलं की दोन वादळांच्या मध्ये थोडी उघडीप मिळेल.

आता "अचूक" या शब्दाबद्दल. ६ जूनला समुद्र खवळलेलाच होता. नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यावर एका अमेरिकन तुकडीने पाण्यात सोडलेल्या २९ तरंगत्या रणगाड्यांपैकी २७ बुडाले. ढगांमुळे छत्रीधारी सैनिक भलतीकडेच विखुरले. आमच्या ग्रुपची फूटपट्टी लावली तर हा अंदाज फसलाच म्हणायचा. पण भरती-ओहोटीचं गणित जमणारे पुढचे दिवस १९ जूनच्या आसपास होते, आणि त्याच १९ जूनला आलेल्या वादळाने अमेरिकनांचं तात्पुरतं बंदर मोडून टाकलं. स्टॅगने खात्री दिली नव्हती. काय माहीत आहे, काय नाही, ते त्याने सांगितलं. निर्णय आयझेनहॉवरने घेतला आणि मोहीम फसली तर दोष माझा एकट्याचा, अशी चिठ्ठीही लिहून खिशात ठेवली.

आपल्याकडे ती चिठ्ठी लिहिणारा माणूस कुठे आहे? २०१७ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी पावसाचा अंदाज चुकला म्हणून हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. त्यांचं दुःख मला कळतं. पेरणी करायची की थांबायचं हे ज्याने कर्ज काढून ठरवायचं, त्याच्यासाठी दुबार पेरणी म्हणजे वर्षच गेलं. पण त्याला एकट्याला त्या निर्णयाच्या तोंडी कुणी दिलं, ते पोलीस कसे शोधणार? आणि याच खात्याने २०१३ मध्ये ओडिशावर आलेल्या फायलिन वादळाच्या वेळी, परदेशी संस्था महाचक्रीवादळाची भाषा करत असताना, स्वतःचा अंदाज सोडला नाही. तो बरोबर ठरला, आणि प्रशासनाने ऐकून लाखो माणसं किनाऱ्यावरून हलवली. १९९९ च्या चक्रीवादळात त्याच ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली होती. हे ग्रुपवर कुणी पुढे पाठवत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये एओविन वादळाआधी इथे रेड वॉर्निंग लागली. सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले, शाळा बंद, गाड्या बंद. आमच्या गल्लीत दोन कुंपणं पडली, बाकी काही नाही. पण इतका गाजावाजा कशाला केला, असं कुणी विचारलं नाही.

हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा चुलतभावाचं उत्तर आलं, "ताई, तू तिथून बोलू नकोस." तो पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून विसर्ग वाढला आणि एकता नगरीत पाणी शिरलं, तेव्हा त्याने शेजाऱ्यांच्या म्हाताऱ्या आईला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं होतं. पाणी सोडल्याची सूचना वेळेवर मिळाली नाही, ही तिथल्या लोकांची तक्रार होती. म्हणजे दोष अंदाजाचा नव्हता, हे माझंच म्हणणं झालं की! पण तो पाण्यात उभा होता आणि मी फोनवर व्हिडिओ बघत होते. त्यापुढे माझा मुद्दा तोकडा पडतो, हेही खरं.

बाबा हवाई दलाच्या हवामान शाखेत होते. लोहगाव, जोधपूर, जोरहाट. मेट ब्रीफिंगला, म्हणजे उड्डाणाआधी हवामान सांगायला, वैमानिकांपुढे उभं राहायचं, धुकं किती वाजता उठेल ते सांगायचं, आणि सगळी विमानं उतरेपर्यंत जेवायचं नाही. रात्रपाळीहून आले की माझी वेणी घालून मला शाळेच्या बसपर्यंत सोडत आणि मग झोपत. चैत्रात आई विचारायची, उद्या कुरडया घालू का? त्यांनी कधी नुसतं "घाल" म्हटलं नाही. "दोनपर्यंत हरकत नाही, नंतर भरून यायची शक्यता आहे, चादर जवळ ठेव." आई घालायची. भिजल्या तर आईने त्यांना कधी बोल लावला नाही. त्यांच्या अंदाजावर आमचं घर चाललं ते असं. म्हणून काकांचं काम वेगळं आणि संसार वेगळा, असं कुणी म्हटलेलं मला सोसत नाही.

शिवाय संसाराचा अंदाजही चुकला. मी एडिंबराला निघाले तेव्हा ते सगळ्यांना सांगत, दोन वर्षांत परत येईल. मग म्हणू लागले, मुलं जरा मोठी झाली की येईल. पुढे तेही म्हणेनासे झाले, आणि इथल्या वाऱ्याचे नकाशे बघायला लागले. "चारनंतर वारा वाढेल, पोरांना टोप्या घाल," असा विश्रांतवाडीहून फोन यायचा, आणि चारनंतर वारा वाढायचा. स्वतःचा अंदाज त्यांनी बदलत नेला, मला एका शब्दाने दोष न देता. खात्याची बाजू घेऊन मी इतकी का भांडते, त्याचं कारण यात आहे. मी इथली झाले, हे त्यांनी माझ्या आधी ओळखलं होतं. तिथल्या पावसावर बोलायचा हक्क मला अजून हवा आहे, आणि तो मी त्यांच्या नावाने मागते आहे.

निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर पर्जन्यमापक बसवला होता. रोज सकाळी साडेआठला माप. त्या वह्या आईकडे आहेत. प्रत्येक पानावर डावीकडे आदल्या दिवशीचा त्यांचा स्वतःचा अंदाज, उजवीकडे पडलेला पाऊस मिलिमीटरमध्ये, आणि चुकलेल्या दिवसाखाली लाल रेघ. चुलतभावाने विश्रांतवाडीला जाऊन त्या वाचाव्यात. मग वाटलं तर ग्रुपवर लिहावं.