बिल बुडवायचंय? मग अपील टाका की!

भावांनो, बंगल्याचं ग्रिल, जिना, गेट सगळं करून घेतलंय, पैसे द्यायचे नाहीत, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या फॅब्रिकेटरनं दावा करून निकालपण मिळवलाय? टेन्शन घेऊ नका. तो फॅब्रिकेटर मीच, गेल्या आठवड्यात अपिलाची नोटीस आलीय, त्यामुळं सगळी पद्धत जवळनं बघतोय.

निकाल लागला म्हणून लगेच पैसे द्यायला पळू नका, शोभत नाही.

जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवस असतात, निकालाच्या नकलेला लागलेले दिवस वरनं वगळून मिळतात. तरी मुदतीत जाऊ नका. मुदत गेल्यावर विलंब माफीचा अर्ज टाका, कारण आजारपणाचं, शक्यतो आईचं, आईला कोण नाही म्हणतंय? आता तारखा त्या अर्जावरच. आधी समोरच्याचं म्हणणं, मग तुमचे वकील बाहेरगावी, मग जज्जसाहेब रजेवर, मग साहेबांची बदली, नवीन साहेब फाईल बघस्तोवर मे महिन्याची सुट्टी, अन् मूळ अपील अजून सुरूच झालेलं नाही, आणि हा बाबा शॉपला कुलूप लावून कसबा बावड्यात कोर्टाच्या बाकड्यावर, दुपारी कळणार की पुढची तारीख, आणि वेल्डरला पगार शनिवारी द्यायलाच लागतो हो, पत्र्याच्या दुकानदाराला सांगून बघा जरा विलंब माफ कर म्हणून, काय म्हणतोय ते ऐका!

असो. काम निकृष्ट होतं असं अपिलाच्या मेमोत लिहा. खालच्या कोर्टात पुरावा दिला नव्हता? लिहा तरी.

नुसतं अपील टाकून स्टे, म्हणजे वसुलीला स्थगिती, मिळत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४१ रूल ५ मध्ये स्वच्छ लिहिलंय. हे कुणाला सांगायचं नाही, "मॅटर अपिलात आहे" एवढंच बोलायचं. स्टे मागितला तर कोर्ट रक्कम भरायला सांगेल, म्हणून तो फॅब्रिकेटर वसुलीची दरखास्त टाकेपर्यंत गप बसा.

अन् बुडवायचं तर मोठं बुडवा. २५ हजारांपर्यंतच्या पैशाच्या दाव्याला हायकोर्टात सेकंड अपील नाही. त्याच्या वर असेल तर हायकोर्टाचं सर्किट बेंच आता कोल्हापुरातच आहे, १८ ऑगस्ट २०२५ पासनं, मुंबईची दगदग संपली. एवढी वर्षं बेंचसाठी मोर्चे काढले ते तुमच्या सोयीसाठीच काढले म्हणायचे.

आता सरळच बोलतो मालक. अपील तुमचा हक्क आहे, निकाल चुकला वाटत असेल तर जरूर करा. पण तुम्हाला तसं वाटतच नाही. बिलावर सही तुमची, वास्तुशांतीला चारचौघांत माझ्या कामाचं कौतुक करणारे तुम्हीच, आणि आता काम निकृष्ट? लाज कशी वाटत नाही? कोर्टानं सांगितलेली रक्कम व्याजासकट कोर्टात भरा, मग खुशाल वर्षानुवर्षं भांडत बसा, मी येतो प्रत्येक तारखेला. माझ्या पोरांचे पगार दाबून मला कायदा शिकवू नका.