डॉक्टर पाकार ओझं नव्हते

आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर माँ ब्लाँ, त्याबद्दलचा एक मजकूर सध्या हातोहात पुढे जातो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हे शिखर एकट्या झाक बाल्माने सर केलं, सोबतच्या डॉक्टरला त्याने ओढत माथ्यावर नेलं. आता तिथे कुणीही चालत जाऊ शकतं. बर्फ वितळून शिखर बुटकं होत चाललंय. उरलंय ते फक्त पर्यटनाचं मार्केटिंग. चारही विधानं मला खटकली, पण पहिल्याने खरा संताप आला, कारण हीच कंडी आधीही पिकली होती आणि तिने एका माणसाचं श्रेय दीर्घ काळ हिरावून घेतलं.

तो माणूस म्हणजे शिखराच्या पायथ्याशी असलेल्या शामोनी गावचे डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार. 8 ऑगस्ट 1786 ला, म्हणजे हे शिखर पहिल्यांदा सर झालं त्या दिवशी, ते 29 वर्षांचे होते आणि बाल्मा 24 चा, डोंगरात स्फटिक शोधत हिंडणारा. दोघांकडे ना दोर होता, ना बर्फाची कुऱ्हाड. लांब काठ्या तेवढ्या होत्या. हिमनदीतल्या भेगांवर बर्फाचे पातळ पूल धरलेले असत. ते आले की काठ्या आडव्या टाकायच्या आणि त्यांवर भार देत पलीकडे सरकायचं. पाकारांनी वर वायुभारमापकही नेला होता. ज्याला कुणीतरी ओढत नेतंय, तो माणूस असलं नाजूक उपकरण सांभाळत बसेल का? त्याआधीची काही वर्षं ते दुर्बिणीतून हा डोंगर न्याहाळत होते, वाटा शोधत होते, आणि पूर्वीच्या प्रयत्नांतून हात हलवत परतलेही होते.

सर्वांत मोठा पुरावा तर खाली गावात होता. फोन गेर्सडोर्फ नावाचा एक जर्मन सरदार त्या दिवशी दुर्बिणीला डोळा लावून बसला होता. दोघं कुठे थांबले, कुठून वळले, याच्या नोंदी त्याने केल्या, वाटेचं रेखाटनही काढलं. त्या नोंदींनुसार संध्याकाळी 6 वाजून 23 मिनिटांनी दोघं जवळजवळ एकाच वेळी माथ्यावर पोचले. कुणी कुणाला फरफटत नेल्याचं त्यात काहीच नाही.

मग ही कथा आली कुठून? मार्क-तेओदोर बुर्री या लेखकाला स्वतःला हे शिखर साधलं नव्हतं. त्याने पत्र छापून सगळं श्रेय बाल्माच्या पदरात टाकलं. पाकार 1827 मध्ये वारले. 1832 मध्ये म्हाताऱ्या बाल्माने फ्रेंच लेखक अलेक्सांद्र द्यूमाला आपली तिखटमीठ लावलेली हकिकत ऐकवली, तेव्हा ती खोडायला डॉक्टर उरलेच नव्हते. 1887 मध्ये शामोनीत स्मारक उभं राहिलं ते बाल्मा आणि सोस्यूर यांचं. हा सोस्यूर म्हणजे 1760 मध्ये वाट शोधणाऱ्याला बक्षीस लावणारा आणि 1787 मध्ये स्वतः वर जाणारा जिनिव्हाचा शास्त्रज्ञ. पाकारांचा पुतळा बसायला 1986 उजाडलं, म्हणजे चढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा.

एक मात्र खरं. परतताना बर्फाच्या तिरिपीने पाकारांचे डोळे गेल्यासारखे झाले होते आणि बाल्माने त्यांना खाली आणलं. बाल्माचं धाडस तसूभरही कमी नव्हतं. पण उतरतानाचा आधार चढाईच्या खात्यात मांडणं साफ चूक आहे.

आता ‘कुणीही चालत जाऊ शकतं’. या विधानाने जीव जाऊ शकतो, म्हणून स्पष्टच लिहितो. माथ्याकडे जाणाऱ्या नेहमीच्या गूते मार्गावर कड्यावर चढण्याचं कसब फारसं लागत नाही, हे मान्य. पण तेत रूस आणि गूते या दोन निवाऱ्यांच्या मध्ये एक घळ आडवी पार करावी लागते. काही मिनिटांचं काम. वरून दगड सुटतात, आधी खडखड ऐकू येते, मग पळायला जागा नसते. 1990 ते 2017 या काळात या निवाऱ्यांमधल्या टप्प्यात 100 हून अधिक माणसं दगावली. बर्फ गोठलेला असतो तोवर तो दगडांना धरून ठेवतो. उन्हाळा तापला की ती पकड सुटते. 2022 च्या जुलैत दगडांचा मारा इतका वाढला की मार्गदर्शकांच्या संस्थांनी या वाटेने लोकांना नेणंच थांबवलं होतं. आणि ही झाली सोपी बाजू. इटलीकडच्या फ्रेने या खडकाच्या उभ्या स्तंभावर 1961 मध्ये वाल्तेर बोनात्तीसह सात कसलेले गिर्यारोहक वादळात अडकले, त्यांतले चौघे परतले नाहीत.

उंचीचं म्हणाल तर 2021 मध्ये 4807.81 मीटर, 2023 मध्ये 4805.59. आकडे खरे, निष्कर्ष चुकीचा. खडकाचा माथा 4792 मीटरवर आहे. त्यावरची बर्फाची टोपी वारा आणि हिमवृष्टीप्रमाणे जाड-बारीक होते, म्हणून तर दर दोन वर्षांनी मोजणी होते. आटतायत त्या खालच्या हिमनद्या. माँताँव्हेरच्या पाळण्यातून उतरल्यावर मेर द ग्लास हिमनदीच्या बर्फापर्यंत 2023 पर्यंत शेकडो पायऱ्या उतराव्या लागत, आणि त्या वाढतच गेल्या होत्या. काळजी करायची तर तिथली करा.

राहिलं मार्केटिंग. 1820 मध्ये हिमलोटात तीन मार्गदर्शक गाडले गेले. त्यांचे अवशेष बोसाँ हिमनदीने 1861 मध्ये, म्हणजे 41 वर्षांनी, खाली आणून दिले. त्याच डोंगरावर 24 जानेवारी 1966 ला एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान कोसळलं. त्यात 117 जण गेले, होमी भाभा त्यांच्यापैकी एक. 2020 च्या उन्हाळ्यात हिमनदीजवळ उपाहारगृह चालवणाऱ्या एकाला बर्फाबाहेर आलेली भारतीय वर्तमानपत्रं सापडली. त्याने ती वाळत घातली. 54 वर्षं बर्फात राहूनही अक्षरं वाचता येत होती: भारताला पहिली महिला पंतप्रधान मिळाल्याची बातमी होती ती.