पापलेटची पिल्लं विकत घेऊ नका

आज सकाळी बाजारात पापलेटच्या पिल्लांचे वाटे लावलेले बघितले आणि डोकंच फिरलं. माझ्या पुढचे गृहस्थ खुशीत सांगत होते, "तळून काट्यासकट खाता येतात!" अहो, ज्या माशाने अजून एकदाही अंडी घातली नाहीत तो खाताय तुम्ही.

माझ्या नेहमीच्या कोळीण मावशींकडे मागे एक बाई असाच वाटा मागत होत्या. मावशींनी साफ नाही म्हटलं. "मांदेली ने बाय, ती एवढीच असते. या पापलेटला एकदा तरी पिल्लं होऊ दे." लिलावात टोपलीबरोबर आलेला माल होता तो, नुकसान मावशींचंच. तरी दिला नाही.

आणि सरकार? २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला, पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर. छान. मग आज ते वाटे आले कुठून?

आले ट्रॉलरच्या, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या बोटीच्या जाळ्यातून. जाळ्याची आस, म्हणजे भोकं, इतकी बारीक की बोटभर मासाही सुटत नाही. पर्ससीनवाले तर गोल जाळं टाकून अख्खा थवाच घेरून उचलतात. एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री समुद्रात दिवे दिसतात असं कोळीवाड्यातले लोक सांगतातच. बाजारात न खपणारी पिल्लं खाद्याच्या कारखान्यात जातात, कोंबड्यांसाठी कुटायला. उद्याचा पापलेट आज कोंबडीच्या पोटात!

हो, नाल्यांचं घाण पाणी आणि खाड्यांमधला भराव यांचाही दोष आहे, मान्य. पण म्हणून जाळ्याचा दोष कमी होत नाही.

खलाशांवर मात्र राग धरवत नाही. जवळ मासा उरला नाही म्हणून बोट लांब जाते, डिझेल जास्त जळतं, मग खर्च भरून काढायला जे मिळेल ते बोटीत घ्यावं लागतं. त्यांची वाडवडिलांची रीत निराळी होती. पावसाळ्यात नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात जात नसे. तेवढ्या दिवसांत माशांची वीण होऊन जायची. आता पावसाळ्यातली सरकारी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, पौर्णिमा कधीही असो. छोट्या होडीचा कोळी अजून थांबायला तयार असतो, पण मोठ्या बोटी सुटल्यावर त्याने एकट्याने थांबून काय करायचं?

मावशींना परवडलं ते आपल्याला का परवडू नये? निदान आपल्या घरी तरी पिल्लं येऊ देऊ नका. मासेवालीशी हुज्जत घालू नका, तिच्या हातात जाळं नाही. मांदेली घ्या, मोठा बांगडा घ्या.

आणि मत्स्यव्यवसाय खात्याला माझा एकच प्रश्न आहे. पहाटे मुंबईत ससून डॉकला आणि भाऊच्या धक्क्यावर लिलाव सुरू होतो, तेव्हा ती १३५ मिलिमीटरची पट्टी घेऊन तिथे उभं कोण राहतं?