उत्तम रणगाडा वाया कसा घालवावा

तर मंडळी, तुम्हाला अख्ख्या युरोपात भारी असा रणगाडा बनवायचाय आणि तो हाताशी असताना सहा आठवड्यांत देशही घालवायचाय. दोन्ही एकदम कसं जमणार म्हणून घाबरू नका, फ्रेंचांनी १९४० मध्ये हे करून दाखवलंय. त्यांच्या गाडीचं नाव सोमुआ एस-३५. एस म्हणजे सोमुआ, पॅरिसला लागून सेंत-उअँ आहे तिथली, श्नायडर या शस्त्रं बनवणाऱ्या उद्योगाच्या घरातली कंपनी, आणि ३५ म्हणजे १९३५ साल. आता मी सांगतो तसं करत चला.

सुरुवात बारशापासून करा. १९२० मध्येच ठरवून टाका की टँक ही पायदळाची मालमत्ता, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मग घोडदळवाले येतील आणि म्हणतील साहेब घोड्यांचे दिवस संपले, आम्हालाही काहीतरी चिलखतवालं द्या. नाही म्हणू नका. द्या, फक्त त्याला टँक म्हणू नका. "लढाऊ मशीनगन-गाडी" असं काहीतरी कागदावर लिहा. साडेएकोणीस टनांचा ऐवज, पट्ट्यांवर चालणारा, पुढे ४७ मिलिमीटरची तोफ, आणि फाईलमध्ये मशीनगन-गाडी! आपल्याकडच्या सरकारी फायली बघितलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण फ्रेंचांनी पण हेच केलंय म्हटल्यावर जरा बरं वाटलं, खरं सांगतो.

पुढची पायरी महत्त्वाची, गाडी खरंच चांगली बनवा. इथे कंजूषपणा केलात तर पुढची सगळी गंमत जाईल, कारण वाईट गाडी वाया घालवायला अक्कल लागत नाही. चिलखत ओतीव घ्या, पत्र्याला पत्रा रिव्हेट मारून जोडायची पद्धत सोडा, चार मोठे ओतीव भाग करा आणि बोल्टांनी आवळा (सांध्यावर गोळा बसला तर काय होईल हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारणाऱ्याला चहा आणायला पाठवा). समोरची जाडी ४७ मिलिमीटरपर्यंत न्या, म्हणजे जर्मनांची ३७ मिलिमीटरची तोफ लांबून समोरून कितीही ठोकत बसली तरी फारसं काही होत नाही. इंजिन १९० हॉर्सपॉवरचं पेट्रोलवालं व्ही-८, रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटर. आणि ती ४७ची तोफ तर अशी की १९४० मध्ये जर्मनांकडे जे जे टँक होते त्या सगळ्यांना भोक पाडेल. १९३६ मध्ये मंजुरी द्या आणि १९४० पर्यंत निवांत ४३० च्या आसपास गाड्या काढा. घाई कसली, घोडं मैदान जवळच आहे.

आता खरी कलाकारी. वरचा जो बुरूज आहे ना, ज्याला टरेट म्हणतात, तो एका माणसाचा करा. एकाच. त्या एकट्या कमांडरने शत्रू शोधायचा, तोफेत गोळा भरायचा, नेम धरायचा, तोफ मारायची, शेजारची मशीनगन मारायची, ड्रायव्हरला कुठे वळायचं ते सांगायचं, आणि तो जर तुकडीचा प्रमुख असेल तर बाकीच्या चार गाड्यांकडेही लक्ष ठेवायचं. तोपर्यंत समोरच्या जर्मन पँझर थ्री रणगाड्यामध्ये बुरुजात तीन माणसं, एक भरतोय, एक मारतोय, आणि कमांडर नुसता बघतोय. नुसता बघतोय हेच त्याचं काम! तुम्ही म्हणाल हा तर आळशीपणा. बरोबर, म्हणूनच तर आपण आपल्या कमांडरला रिकामा बसू दिला नाही. एक ना धड भाराभर चिंध्या ही म्हण फ्रेंचमध्ये आहे का माहीत नाही, पण त्या बुरुजात ती रोज पाळली जायची.

बुरुजावर बघायला एक छोटी टोपी बसवा, कपोला म्हणतात तिला, आणि तिला वरून उघडणारं झाकण मात्र देऊ नका. डोकं बाहेर काढून चारीबाजूला बघायची हौस असेल तर कमांडरने बुरुजाच्या पाठीमागचा दरवाजा उघडून त्याच्यावर बाहेर बसावं, हवा छान लागते. गोळ्या सुरू झाल्या की आत यायचं आणि फटीतून बघायचं, म्हणजे जेव्हा बघायची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच कमीत कमी दिसणार.

गाडीत तिसरा माणूस रेडिओवाला ठेवा. रेडिओ ठेवू नका. म्हणजे काही गाड्यांत ठेवा, तुकडीप्रमुखांच्या वगैरे, बाकीच्यांना "येतोय, येतोय" सांगून ठेवा. मग तो रेडिओवाला बिचारा करणार काय, तर खालून कमांडरच्या हातात गोळे देईल. तेवढीच मदत. (हे मी चेष्टेत म्हणत नाहीये, बुरूज जरा रुंद असल्यामुळे त्याला हात वर करून गोळा देता यायचा आणि त्या काळच्या बाकीच्या फ्रेंच टँकच्या मानाने ही चैनच होती.) पाच गाड्यांनी एकमेकींशी बोलायचं कसं? प्रमुखाच्या मागे मागे जायचं. प्रमुखाची गाडी पेटली तर मग प्रत्येकाने स्वतःच्या बुद्धीने जायचं, ज्या बुद्धीला तेव्हा गोळाही भरायचा असतो.

आता युद्ध. १० मे १९४० ला जर्मन बेल्जियम-हॉलंडमध्ये घुसले की आपले सगळ्यात चांगले, सगळ्यात वेगवान गाडीवाले डिव्हिजन उचला आणि उत्तरेकडे पळवा. एक तर थेट हॉलंडमध्ये ब्रेडाच्या बाजूला पाठवा, बाकीचे दोन जनरल प्रिऊकडे द्या आणि सांगा बेल्जियममध्ये हानूजवळ जर्मनांना अडवून धर, मागे जांब्लूला आपलं पायदळ खंदक खणून बसेपर्यंत. प्रिऊ तिथे ११ तारखेला पोचतो आणि बघतो तर जांब्लूला म्हणावी तशी तयारीच नाही. काळजी करू नका, तक्रार करेल, पाठवेल वरती कळवून, वरचे म्हणतील बघू.

१२ ते १४ मे, हानू. टँक विरुद्ध टँक अशी एवढी मोठी लढाई तोवर झाली नव्हती. आणि इथे तुमची गाडी तुम्हाला अडचणीत आणते, कारण ती चांगली निघते! जर्मनांच्या बऱ्याचशा गाड्या पँझर वन आणि टू, सोमुआसमोर म्हणजे पत्र्याचे डबे, आणि त्यांचे गोळे समोरच्या चिलखतावरून घसरून जातायत. अशा वेळी खबरदारी घ्या. गाड्या एकत्र मूठ करून वापरू नका, लांबच लांब रेषेत गावागावांत थोड्या थोड्या वाटून टाका, रेशन दुकानासारख्या. जर्मन एका जागी जमून येतील, रेडिओवर बोलतील, वरून विमानं बोलावतील, आणि तुमची शेजारच्या गावातली गाडी काय चाललंय ते विचारत बसेल, म्हणजे विचारेल कशाने हाही प्रश्नच. तरीपण प्रिऊच्या माणसांनी दोन दिवस खेचलेच, पायदळाला वेळ मिळवून दिलाच, त्याबद्दल टोपी काढली पाहिजे. मग ते मागे सरले, मैदान जर्मनांकडे राहिलं, आणि ज्याचं मैदान त्याच्या बंद पडलेल्या गाड्या दुरुस्त होतात. तुमच्या तिथेच राहतात.

आणि ज्या वेळी हे सगळं चाललं होतं, १३ मेला, तिकडे दक्षिणेला फ्रान्समधल्या सदाँला जर्मनांनी म्यूज नदी ओलांडली. मुख्य वरात तिकडून निघाली होती आणि तुमचं घोडदळ उत्तरेत. वरातीमागून घोडं हे ऐकलं होतं, वरात एकीकडे आणि घोडं भलत्याच गावात हे फक्त इथेच बघायला मिळतं. नंतर परत येताना डंकर्क बंदराच्या वाटेवर बऱ्याच गाड्या सोडून द्या. प्रिऊला २९ मेला जर्मनांनी पकडलं.

शेवटचं काम जर्मनांवर सोडा. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते ते दाखवतील. शेकड्याने सोमुआ त्यांच्या हाती लागल्या, काही फिनलंडला गेल्या, काही इटलीला दिल्या, काही इकडेतिकडे पहाऱ्याला. पण वापरायच्या आधी त्यांनी काय केलं बघा, त्या कपोलाचा डोक्यावरचा भाग कापला आणि त्याच्यावर उघडणारं झाकण बसवलं. रेडिओ बसवला. एवढंच, दोन गोष्टी. आता तुम्ही म्हणाल हे आपल्याला चार वर्षांत का नाही सुचलं, तर सुचलं असणार हो, फाईल कुठेतरी असेल.

१९४४-४५ मध्ये फ्रान्स सुटत असताना जर्मनांकडून परत मिळालेल्या काही सोमुआ फ्रेंचांच्या ड्रॅगून (म्हणजे घोडदळाच्या) रेजिमेंटने पुन्हा वापरल्या, तेव्हा तुमच्या नशिबी अशी परत आलेली गाडी आली तर आधी वर चढून बघा, डोक्यावर झाकण असेल, आरामात उभं राहून चारीबाजूला बघता येतं.