शाळा पाडली, वर्ग अजून आठवतो

ताई, बडोद्यातल्या फतेहगंजच्या जुन्या प्रार्थनाघरांवर आणि मिशनच्या शाळांवर तुम्ही लिहिलंत, फार बरं वाटलं. आमच्या दांडिया बाजारकडच्या मराठी शाळाही अशाच नाहीशा झाल्या आहेत. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये ते सगळ्या बडोदा संस्थानात नेलं. त्या राज्यात मराठी मुलांना मराठीतून शिकता येत होतं. १९४९ साली संस्थान विलीन झालं, १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला, आणि हळूहळू आपलीच माणसं मुलांना गुजराती नाहीतर इंग्रजी शाळेत घालू लागली. नोकरीचा प्रश्न होता, त्यांना दोष देववत नाही.

माझी शाळा एका वाड्यात भरायची. दगडी पायऱ्या, खाली अंधारी खोली, तिथे पाटीवर ओलं फडकं फिरवल्याचा वास. बाईंनी पाढे म्हणायला लावले की आवाज थेट रस्त्यावर जायचा, समोरचा फाफडेवाला चूक ऐकली की मान हलवायचा! आता तिथे दुकानांच्या मजल्यांचा ढीग आहे.

कुणाकडे वर्गाचा फोटो, शाळा सोडल्याचा जुना दाखला असेल तर कृपया इथे टाका. शाळेचं नाव आणि वाडा कुठल्या पोळीत, म्हणजे गल्लीत होता, तेवढं मात्र नक्की लिहा.