मासे शांत असतात, पोटं नसतात

गेले पंधरा दिवस एकच मजकूर तीन ग्रुपांतून माझ्यापर्यंत आलाय. अंगणात चिऱ्यांचं तळं बांधा आणि कोई, गोल्डफिश, गप्पी, सकर असे चार जातींचे मासे एकत्र सोडा. चौघेही शांत, भांडत नाहीत, जागेच्या मापानेच वाढतात. शेवाळ सकर बघेल, पाणी पाऊस बदलेल. फोंड्याकडच्या आमच्या परसात मी हे सगळं करून बसलोय.

भांडत नाहीत, हे खरं. पण गिळायला भांडावं कशाला लागतं? कोई काय, गोल्डफिश काय, तोंडात मावेल ते आत ओढणार. गप्पीची मादी जिवंत पिल्लं टाकते, ती जेमतेम अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरची. माझ्याकडे चाळीस गप्पी होते. महिनाभराने जलपर्णीच्या मुळांत दडलेले आठ-दहा सापडले. दाणा टाकला की कोईंची तोंडं चपचप करत काठाला लागतात. शेपटीचा झुपका सांभाळत गोल्डफिश पोचतो तेव्हा पाण्यावर नुसता तवंग. त्याला कुणी चावलं नाही की हुसकावलं नाही, तो रोज उपाशी राहिला. पाठ बारीक झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

जागेच्या मापाने वाढतात, ही तर शुद्ध थाप. कोई दोन फुटांपर्यंत जातो. लहान तळ्यात तो खुंटतो कारण त्याच्याच विष्ठेतला अमोनिया पाण्यात साचतो. त्यात मे महिना. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि रात्री शेवाळही तोच ओढतं. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसले तर ते तुम्हाला ओळखून आलेले नसतात.

सकर पोर असताना शेवाळ खातो. मोठा झाला, खाणं कमी पडलं, की रात्री संथ माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. शिवाय हा सफाई कामगार स्वतः काळ्या दोऱ्यांसारखी घाण सोडत फिरतो, ती कोण काढणार?

पावसाचं म्हणाल तर आपल्याकडे वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पडतो. तळं भरून वाहतं आणि पाणी जातं व्हाळात, म्हणजे ओढ्यात. पहिल्या पावसात चढणीचे मासे कुठून कुठे चढतात हे बघितलेल्या माणसाला, तळ्यातला मासा बाहेर पडणार नाही असं वाटूच कसं शकतं? सकर आणि गप्पी दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे. तिलापिया हा बाहेरचा मासाही १९५२ मध्ये मुद्दाम आणलेला. आज तो कुठे नाही?

डासांसाठी गप्पी हवेतच, असंही त्या मजकुरात आहे. गोव्यातच १९९० च्या दशकात मलेरियाच्या डासांच्या अळ्यांवर अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकी हा इथलाच चिमुकला मासा सोडून चाचण्या झाल्या होत्या. अळ्या खाणारा मासा आपल्या घरचाच आहे.

सध्या गप्पी वेगळ्या डोणीत आहेत, गोल्डफिशला दाणा दुसऱ्या कोपऱ्यात आधी पडतो आणि वाहत्या पाण्याच्या तोंडाला बारीक जाळी आहे. सकर मात्र फूटभर झालाय आणि कुणी न्यायला तयार नाही. व्हाळात सोड म्हणणारे तीन जण भेटले.